वीस कापडी पिशव्या आणि बाल्कनीतला फ्रीज

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी पुण्यात धायरीला राहते. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मागच्या वर्षी मुलीच्या शाळेत कचऱ्यावर प्रकल्प होता. तो तिच्याबरोबर करताना मी हादरले. तेव्हापासून दुकानात गेलं की प्रत्येक वस्तूपाशी हात थांबतो. दही डब्यातलं घेऊ की पिशवीतलं, साबण खोक्यातला बरा की सुटा, हे टोमॅटो कुठून आले असतील. घरातले प्लॅस्टिकचे डबे काढून टाकले, काचेच्या बरण्या आणल्या. बांबूचे ब्रश आणले. कापडी पिशव्या वीसेक झाल्या आहेत. सेंद्रिय किराण्यामुळे महिन्याचा खर्च वाढलाय. डबे टाकले म्हणून सासूबाई नाराज आहेत, मुलं माझ्यापासून लपून वेफर्स खातात आणि हे म्हणतात, "तुझ्या एका पिशवीने काय होणार? आधी कारखान्यांना सांग." मला त्यावर उत्तर सुचत नाही. दिवाळीत मोठा फ्रीज आणि बेडरूमला एसी घ्यायचाय (जुना फ्रीज चालू आहे, तो बाल्कनीत राहील), त्यामुळे पैशांचंही बघायला हवं. काय घ्यावं आणि काय घेऊ नये याची एक यादी द्याल का?

– एक वाचक, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी खरेदी तुम्ही शेवटी लिहिलीत आणि त्यातलीही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कंसात टाकलीत. दही, साबण, टोमॅटो यांच्यापाशी तुमचा हात थांबतो, पण फ्रीज आणि एसीच्या बाबतीत प्रश्न फक्त पैशांचा उरलाय. बहुतेक घरांत असंच होतं. रोजची वस्तू रोज डोळ्यांसमोर येते म्हणून रोज टोचते. यंत्र एकदा घरात आलं की भिंतीला लागून उभं राहतं आणि दहा-पंधरा वर्षं त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून मी यादी देणार नाही, थोडा हिशेब मांडते. तो एकदा लक्षात आला की यादी तुमची तुम्हाला करता येईल.

आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशावर तयार होते. देशभरची सरासरी धरली तर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जुना फ्रीज दिवसाला एक युनिट खातो असं धरू. बाल्कनीत उन्हाची धग लागली तर त्याहून जास्तच खाईल. वर्षाचे ३६५ युनिट, म्हणजे अडीचशे किलोंच्या वर कार्बन डायऑक्साइड. आता भाजीवाल्याची पातळ पिशवी घ्या. तिचं वजन पाच-सहा ग्रॅम. ती बनवताना फार तर वीसेक ग्रॅम वायू बाहेर पडतो. म्हणजे बाल्कनीतल्या त्या फ्रीजचं एक वर्ष, हवामानापुरतं बोलायचं तर, बारा हजार पिशव्यांच्या बरोबरीचं आहे. तुम्ही आयुष्यभरात तेवढ्या पिशव्या नाकाराल की नाही, शंका आहे.

तेव्हा पहिला सल्ला: नवा फ्रीज आला की जुना घरात ठेवू नका. उन्हाळ्यात जास्तीचं पाणी, पाहुणे आले की कोल्ड्रिंक, एवढ्यासाठी तो बारा महिने चालू राहतो. शिवाय महावितरणच्या बिलात शंभर आणि तीनशे युनिटांचे टप्पे असतात. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. सेंद्रिय डाळींवर तुम्ही जे जास्तीचे पैसे देताय, त्यातले काही इथेच वाचतील.

तो काढतानाही जरा जपून. जुन्या फ्रीजमध्ये थंडावा देणारा शंभरेक ग्रॅम वायू असतो आणि त्यातले पुष्कळसे वायू कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवणारे असतात. भंगारवाल्याने तांब्याच्या नळीसाठी ती नळी कापली की सगळा वायू हवेत जातो. त्यात त्याची चूक नाही, तांबं हेच त्याचं उत्पन्न आहे. म्हणून जुना फ्रीज नव्याच्या बदल्यात दुकानात द्या आणि तो पुढे नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे जाणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. ई-कचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, गिऱ्हाईक मात्र क्वचितच विचारतं.

नवा घेताना चांदण्या मोजून थांबू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलेला असतो आणि लेबल कोणत्या काळाचं आहे तेही असतं. निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच स्टार आणि नव्यावरचे पाच स्टार सारखे नसतात. आणि खरंच मोठाच हवाय का, हे एकदा घरात बसून ठरवा. पाच माणसांच्या घरात मोठा फ्रीज आला की शिळं जास्त साठतं आणि आठवड्याने टाकलं जातं, हे मी बऱ्याच स्वयंपाकघरांत पाहिलंय. टाकलेल्या अन्नामागचं पाणी, खत, डिझेल सगळंच वाया जातं.

एसीबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पुण्यातले एप्रिल-मे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत आणि घरात वयस्कर माणूस आहे. मी तुमच्या जागी असते तर तो सासूबाईंच्या खोलीत आधी लावला असता. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्रभरात पाच-सात युनिट घेतो. कडक उन्हाळ्याच्या साठ रात्री धरल्या तर वर्षाला साडेतीनशे-चारशे युनिट होतात. तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. २६ अंश आणि वर पंखा मंद फिरता ठेवला की झोप नीट लागते.

पण एसीचा एक भाग लोकांना माहीतच नसतो. दर वर्षी सर्व्हिसिंगला माणूस येतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणतो आणि आपण भरून घेतो. एसीचा वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. आर-३२ हा सध्याचा नेहमीचा वायू आहे आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट भारी पडतो. पाऊण किलो सुटला तर पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं, म्हणजे वर्षभराच्या विजेपेक्षाही जास्त. आर-२९० नावाचा वायू यापेक्षा कितीतरी सौम्य आहे. त्यावर चालणारे एसी भारतात मिळतात, दुकानात विचारून पाहा. कोणताही घेतलात तरी बसवणाऱ्याला सांधे नीट तपासायला लावा आणि पुढे कधी वायू कमी झाला तर आधी गळती शोधून बुजवा, मगच भरा. या एका आग्रहाने जेवढं साधेल, तेवढं बांबूच्या ब्रशांनी जन्मभर साधणार नाही.

आता पिशव्या. कापूस पिकवायला, कातायला, विणायला, रंगवायला बरंच काही लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ साली केलेल्या अभ्यासात असं निघालं की एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायला कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. तुमच्या वीस पिशव्यांचे २,६२० बाजार झाले! कापडी पिशवी चांगलीच आहे, पण दोन-तीन पुरेत आणि त्या फाटेपर्यंत वापरायच्या. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली असेल तर तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही, मग हा हिशेबही उरत नाही. वीसपैकी पंधरा भाजीवाल्याकडे देऊन ठेवा. विसरून आलेल्या गिऱ्हाइकांना तो देईल.

डब्यांचंही तेच. ते बनताना जे नुकसान व्हायचं होतं ते केव्हाच झालं होतं. गरम पदार्थ आणि तेल-लोणची त्यांत ठेवायची नाहीत, एवढं पथ्य पाळलं असतं तर त्यांत रवा, पोहे, खिळे-चुका दहा वर्षं राहिल्या असत्या. ते कचऱ्यात गेले आणि त्यांच्या जागी भट्टीत वितळवून बनवलेली काच आली. सासूबाईंची नाराजी याच जागी आहे आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या पिढीने जुन्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडी घेतली, उरलेल्यांच्या गोधड्या शिवल्या, श्रीखंडाच्या डब्यात वर्षानुवर्षं मीठ ठेवलं. पूर्वीचं सगळंच चांगलं होतं असं मला म्हणायचं नाही. बंबात रबर आणि प्लॅस्टिक जाळून पाणी तापवणारी घरंही तेव्हा होती. पण वस्तू पूर्ण वापरायची, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. डबे टाकायला नको होते, हे त्यांना सरळ सांगा आणि पुढची कुठलीही वस्तू काढायची झाली तर आधी त्यांना विचारा.

मग प्लॅस्टिकची काळजी सोडून द्यायची का? नाही. त्याचं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. वीज आणि वायूंचा हिशेब साऱ्या जगाच्या हवेत मांडला जातो, प्लॅस्टिकचा आपल्याच नाल्यात, गायीच्या पोटात आणि शेजारच्या गावात. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्याही होत्या. तुमच्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी मारला गेला. तिथल्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी कितीदा गाड्या अडवल्या. त्या माणसांनी तुमच्या घरचा वेफर्सचा पुडा खाल्ला नव्हता.

इथे दुकानात दहा मिनिटं विचार करत उभं राहायची गरज नाही. एक साधी कसोटी आहे: रिकामं झाल्यावर हे भंगारवाला पैसे देऊन घेईल का? तेलाचा कॅन घेईल, पत्र्याचा डबा घेईल, पुठ्ठा घेईल, काचेला कुरकुर करेल पण घेईल. शॅम्पूची एक रुपयाची पुडी, वेफर्स-बिस्किटांचा चकचकीत कागद, टोमॅटो सॉसचं छोटं पाकीट यांना हातही लावणार नाही. त्यात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. ज्याला पुढे गिऱ्हाईक नाही तेच शेवटी कचऱ्याच्या डोंगरावर जातं. शंका आली तर रोज दारात कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना विचारा. पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. कोणत्या वस्तूला बाजार आहे आणि कोणत्या वस्तूने फक्त त्यांचं ओझं वाढतं, हे त्या बायकांइतकं नेमकं कुणीच सांगू शकणार नाही.

दुधाची पिशवी रोजची असते, म्हणून तिचंही सांगते. ती चांगल्या प्लॅस्टिकची असते आणि किलोवर विकली जाते. दोन गोष्टी पाळा. कोपरा कापताना तुकडा सुटा करू नका, लोंबता राहू द्या. तो नखाएवढा तुकडा कुणालाच वेचता येत नाही. आणि पिशवी विसळून दोरीवर वाळवा. आंबट वासाची ओली पिशवी भंगारवाला परत करतो. दही घरी लावलंत तर डबा की पिशवी हा प्रश्नच संपला.

खाण्यापिण्यात मला सगळ्यात जास्त काळजी पाण्याची वाटते आणि त्यावर आपण सगळ्यात कमी बोलतो. राज्यात ऊस जमिनीच्या छोट्याशा भागावर आहे, पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा तो पितो. आपल्याकडे एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरांच्या आसपास पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. तुमच्या घरी महिन्याला चार किलो साखर लागत असेल तर तिच्यामागे आठ हजार लिटर पाणी आहे. चहात अर्धा चमचा कमी केल्याने ऊस कमी होणार नाही, त्याला भाव आणि धोरण बदलायला हवं, हे मला कळतं. तरीही टोमॅटो कुठून आले यापेक्षा साखर किती लागते हा प्रश्न मोठा आहे, डॉक्टरही तुमच्याच बाजूने बोलतील.

उलट बाजूला ज्वारी बघा. सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी पावसाळ्यात काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते. दाणा आपल्याला, कडबा जनावरांना. करडईही तशीच, काटेरी आणि काटक. करडईचं तेल मराठवाड्यात घरोघर असायचं, आता पेरा पार घटला, कारण गिऱ्हाईक स्वस्त आयात तेलाकडे गेलं. फरसाण-बिस्किटांतलं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं आणि त्याच्या मळ्यांसाठी तिथली जंगलं तोडली गेली आहेत. आठवड्यातून चार दिवस भाकरी आणि अधूनमधून घाण्यावरचं करडईचं तेल, एवढा बदल घरात कुणाला उपदेश न करता होतो.

सेंद्रियचं म्हणाल, तर तुमचा हेतू योग्य आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. विषाचा पहिला घाव आपल्या ताटाच्या खूप आधी फवारणाऱ्याच्या अंगावर बसतो. पण दुप्पट किमतीचा, लांबून आलेला, त्याच चकचकीत न विकल्या जाणाऱ्या पाकिटातला सेंद्रिय माल घेऊन महिन्याचं गणित कोलमडत असेल तर तो थांबवा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची तूरडाळ किंवा ज्वारी पोत्याने घेता आली तर घ्या. पैसे त्याच्या हातात जातात आणि काय फवारलं ते तोंडावर विचारता येतं. कपड्यांतही सेंद्रिय कापसाचा शोध घेण्यापेक्षा आहेत ते दोन वर्षं जास्त वापरणं हा फवारणाऱ्याशी जास्त इमान राखण्याचा मार्ग मला वाटतो.

मुलांना वेफर्स उघडपणे खाऊ द्या. लपून खाल्लं की पुड्याचा कागदही लपवला जातो, खिडकीतून खाली जातो. मुलीला प्रकल्प आवडला होता ना, तिच्याकडे विजेच्या मीटरची वही द्या. दर रविवारी आकडा लिहायचा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट असतात, त्यांच्याशी ताडून बघायचं. एखाद्या खोलीतला जुना ७५ वॅटचा पंखा काढून तिथे तीसेक वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावा आणि काय फरक पडतो ते तिलाच सांगू द्या. मुलांना बोलणी खाण्यापेक्षा आकडा पकडायला आवडतं.

राहिले तुमचे यजमान. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करा. मोठे बदल नियमांनी होतात. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली तेव्हाच दुकानांतल्या पातळ पिशव्यांना मोठा धक्का बसला, मग अंमलबजावणी ढिली झाली आणि त्या परत आल्या. २०२० पासून नवा एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर सुरू होतो, तो नियम आहे म्हणून. एका ओळीच्या नियमाने लाखो घरांत वीज वाचते. पण नियम आपणहून येत नाहीत, माणसं मागे लागतात तेव्हा येतात. शिवाय "कारखान्यांना सांग" हे काम त्यांनी तुमच्यावरच सोपवलंय. ते त्यांच्याकडेच परत द्या.

त्यांच्यासाठी काम तयार आहे. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवायला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं अशा सोयी चालू ठेवणाऱ्यांना मिळकतकरातही सवलत देते. तुमच्या सोसायटीचा लिफ्ट आणि पंपाचा खर्च दर महिन्याला किती येतो, हे बहुतेक सभासदांना ठाऊक नसतं. तो आकडा सचिवांकडून मागून घ्या, दोन पुरवठादारांकडून दरपत्रकं आणा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि त्यात विषय घ्यायचा असेल तर सचिवांना आधी लेखी द्यावं लागतं. ते पत्र तुमच्या यजमानांनी त्यांच्या सहीने द्यावं, आणि सभेत विषय मांडायला उभंही त्यांनीच राहावं.